कमलाकांतच्या गाडीचे टायर

टायरचा विषय निघाला की बोईसर स्टेशनबाहेरच्या आमच्या टॅक्सी-स्टँडवर भांडण ठरलेलं. सदुसष्ट सालची गोष्ट. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं, त्यामुळे आम्हा सहा ड्रायव्हरांना दिवसभर भाडं असायचं. पण आगगाड्यांच्या मधल्या वेळात करायचं काय? चहा प्यायचा आणि टायरवरून एकमेकांची उणीदुणी काढायची.

मी बन्सी, मूळचा संगमनेरकडचा. माझी सगळी भिस्त 'शिलेदार' टायरवर. एक जोडी मी दोन पावसाळे वापरली होती, तेही खडीच्या रस्त्यावर. झुंबर माझ्याच मुलखातला, पण त्याला 'किंग्जवे'पुढे काही दिसायचं नाही. "आरं, शिलेदार म्हंजी बैलगाडीला लावायचं रबर!" असं म्हणून तो मला डिवचायचा आणि मी ग्लास खाली आपटून त्याच्या अंगावर जायचो. माझं डोकं तेव्हा फार लवकर तापायचं. आताही तापतं, पण आता बायको, रत्नाबाई, आधी तांब्याभर पाणी देते आणि मग बोलू देते.

खरं म्हणजे झुंबर साहेब लोकांना घेऊन साइटच्या नव्याकोऱ्या रस्त्यावरून जायचा आणि मी दगडधोंड्यांतून. दोघांचे टायर सारखे झिजणार कसे? पण हे कबूल कोण करणार? ड्रायव्हर बायकोशी हरेल, स्टँडवर हरायचा नाही.

कमलाकांत तांडेलची तऱ्हा मात्र सगळ्यांहून वेगळी. त्याला कुठलीच कंपनी लाभत नव्हती. माझं ऐकून त्यानं शिलेदार घातले, सहा महिन्यांत बाद. झुंबरचं ऐकून किंग्जवे घातले, तेही आठव्या महिन्याला फुगले. मग पुन्हा शिलेदार. तो दोन्ही कंपन्यांना इतक्या निवडक शिव्या द्यायचा की पलीकडचा पानवालासुद्धा हातातलं पान सोडून ऐकत राही. आम्ही म्हणायचो, "लेका, तुझा पायगुणच वाईट!" तो हसायचा नाही.

तो नवापूरचा, म्हणजे आपल्या किनाऱ्यावरच्या नवापूरचा, खानदेशातल्या नव्हे. बाप दामूकाका नावाजलेला तांडेल, मच्छीमार होडीचा कप्तानच म्हणा. आणि पोराला समुद्र लागायचा! होडी जरा हलली की कमलाकांत ओकायला वाकलाच. कोळीवाड्यात याच्याइतकी नाचक्की दुसरी नाही. मग दामूकाकांच्या डोळ्यांत पडदा आला, समोरचं माणूस म्हणजे नुसती सावली दिसायला लागली, तेव्हा होडी विकली आणि तिच्या जागी अंगणात जुनी लँडमास्टर मोटार आली.

होडी गेल्यावर म्हातारा चार महिने भिंतीकडे तोंड करून बसला होता. जेव म्हटलं तर जेवायचा, नीज म्हटलं तर निजायचा. गाडी आली आणि एके संध्याकाळी तो आपणहून उठला, चाचपडत चाचपडत गाडी धुवायला लागला. त्या दिवसापासून गाडी बापाच्या हवाली. रोज संध्याकाळी धुणं-पुसणं त्यांचं. कमलाकांत मला म्हणाला होता, "बन्सी, बाबांचा हात थांबला ना, मंग बाबाच थांबतील. म्हनून मी फडक्यालाबी हात लावत नाय." मला तेव्हा ते कौतुकाचं वाटलं होतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर उमरोळीजवळ कमलाकांतचा पुढचा टायर फुटला. दिवसाढवळ्या, सरळ रस्त्यावर. गाडी बांध उतरून भाताच्या खाचरात गेली. बाकीचे खरचटण्यावर निभावले, पण उमरोळीच्या शाळेतल्या वत्सलाबाई पुढे बसल्या होत्या, त्यांचा उजवा हात मनगटात मोडला. बाई एकट्या राहणाऱ्या. पाणी, स्वयंपाक, फळ्यावर लिहिणं, सगळं त्याच हातावर.

कमलाकांत पेटला. फुटलेला टायर शिलेदारचा होता. "चल तू," मला म्हणाला, "तुज्या शिलेदाराची आज वरात काडतो!" मीही तापलेलोच होतो, कारण झुंबरनं सकाळपासून मला हैराण केलं होतं. म्हटलं चल, बघूनच घेऊ. माझ्या गाडीत टायर टाकून आम्ही पालघरला शिलेदारच्या दुकानावर गेलो. योगायोगानं मुंबईहून कंपनीचा माणूस आलेला होता, चष्मेवाला, शांत. कमलाकांतनं पाच मिनिटं त्याचा उद्धार केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग उकिडवा बसून त्यानं टायरच्या बाजूला नख लावलं. रबराचा तुकडा भिजलेल्या कणकेसारखा निघून आला.

"याला तेल कोण लावतं?" त्यानं विचारलं.

"तेल? टायरला? साहेब, आमी काय येडे हाय का?" मी ओरडलो.

"रोज किंवा आठवड्याला कुणीतरी लावतंय. तेलानं रबर फुगतं, मऊ पडतं. कुठल्याही कंपनीचं असू द्या." त्यानं बोट नाकाशी नेलं आणि तोंड वाकडं केलं. "माशाचं आहे."

मी कमलाकांतकडे पाहिलं. त्याचा चेहरा पार उतरला होता. त्यानं टायर उचलला, खांद्याला लावला आणि बाहेर पडला.

परतीच्या वाटेवर त्यानं मला सांगितलं. मुशी नावाचा मोठा मासा असतो, त्याच्या काळजाचं तेल काढून हे लोक होडीला चोपडतात. लाकूड ते तेल पितं, मग खारं पाणी त्याला खात नाही. दामूकाकांनी पन्नास वर्षं तेच केलं होतं. गाडी आल्यावर त्यांनी पोराला विचारलं, रबर कशाचं? पोरगा म्हणाला, झाडाच्या चिकाचं. म्हातारा खूश झाला. झाडाचं ते झाडाचंच, त्यालाही तेल पाहिजे! दर आठवड्याला गाडी धुऊन झाली की ते चारी टायर प्रेमानं तेलानं चोळायचे. कमलाकांतलाही त्यात वावगं दिसलं नाही, जन्मभर तेच बघत आलेला. आणि आम्हाला वास आला नाही, कारण त्याच्या गाडीतून रोज मच्छीच्या टोपल्या यायच्या, अख्खी गाडीच वास मारायची.

माझं डोकं फिरलं. "आरं मर्दा, माणसं मेली असती! आज घरी गेलास की पहिलं म्हाताऱ्याला सांग."

"नाय सांगनार. तूबी नाय सांगायचं. शपथ हाय तुला." त्याचे डोळे भरले होते. "वत्सलाबाईंचा हात आपल्या हातानं मोडला, हे त्यांना कळलं तर ते परत भिंतीकडं तोंड करतील. मंग नाय उठायचे."

मी चूप बसलो. ही माझी चूक.

दुसऱ्या दिवशी कमलाकांत स्टँडवर मधोमध उभा राहिला आणि म्हणाला, "शिलेदारबी चांगला हाय, किंग्जवेबी चांगला हाय. टायरला मीच मुशीचं तेल लावत होतो." बस, एवढंच. क्षणभर कुणाला खरं वाटेना, मग जो काही हशा उठला! झुंबर तर बाकड्यावरून खाली यायचा बाकी राहिला. त्यानंतर रोजचं झालं, "काय तांडेल, आज तेल लावलं का?", "टायर तळून खातोस का रे?" कमलाकांत मान खाली घालून गाडी पुसत राहायचा. माझ्या मुठी वळायच्या, पण शपथ घातलेली.

आणि तो गाडी घरी नेईनासा झाला. नवे टायर चढवले होते, म्हाताऱ्याचा हात लागायला नको, म्हणून रात्री गाडी माझ्या खोलीसमोर लावायची आणि मिळेल त्या ट्रकनं नवापूरला जायचं. बापाला सांगितलं, गाडी साइटवर ठेवावी लागते, तसा हुकूम आहे. मी विचारायचो, "काका कसे आहेत?" तो म्हणायचा, "बसून हाय." कुणीकडे तोंड करून, ते मी विचारलं नाही. जे टळावं म्हणून एवढं खोटं बोललो तेच होत होतं, आणि आम्ही दोघं बैलोबासारखे बघत होतो.

महिनाभरानं झुंबर मासळी आणायला नवापूरला गेला. तिथं त्यानं चारचौघांत सांगितलं की तुमच्या गावच्या ड्रायव्हरनं टायरला तेल चोळून गाडी खाचरात घातली, मास्तरीणबाईंचा हात मोडला. दामूकाका ओट्यावर बसून ऐकत होते, हे त्याला काय ठाऊक!

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला स्टँडवर काठीचा आवाज आला. दामूकाका! नवापूरहून चालत, एकटे, सावल्या बघत बघत रस्त्याच्या कडेनं आले होते. पाय धुळीनं भरलेले. झुंबर तेव्हा नेमका कमलाकांतला तेलावरून काहीतरी बोलत होता. म्हातारा आवाजाच्या रोखानं त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"त्याला हसू नका. त्यानं नाय लावलं. तेल मी लावलं, या हातानं. बाईंचा हात मी मोडला."

झुंबरच्या हातातली विडी तशीच राहिली.

मग ते वळले. "कमलाकांता, कुटं हाय तू?"

"हतं हाय बाबा." तो पुढे आला.

"तू मला सांगितलंस का नाय?"

कमलाकांतनं त्यांची काठी धरायला हात पुढे केला.

"मी आंधला झालो रे. येडा नाय झालो. चुकलं तर चुकलं म्हनायचं. पन्नास वरसं होडी चालवली मी, चुकलो तवा खलाशी तोंडावर बोलायचे, आणि तू मला भिंतीपाशी ठेवलास!"

त्या वाक्यानं कमलाकांत लहान मुलासारखा रडला. मी तरी काय वेगळं केलं? मलाही रडू आलं, आणि मला त्याची लाज नाही. म्हाताऱ्यानं पोराच्या डोक्यावर हात ठेवला, पण क्षणभरच. "रडतोस काय? गाडी काड. पयले त्या बाईंच्या घरी ने मला."

गाडीत चार पासिंजर बसून खोळंबले होते. कमलाकांतनं पुढच्या माणसाला हात जोडून उतरवलं आणि तिथं बापाला बसवलं. उमरोळीला वत्सलाबाईंच्या दारात म्हाताऱ्यानं सगळं सरळ सांगितलं, कसलीही सारवासारव केली नाही. बाई भल्या. म्हणाल्या, "झालं ते झालं, काका." पण काका तेवढ्यावर ऐकणारे नव्हते. त्यांनी विचारलं, "हात मोडल्यापासून पाणी कोन काडतं?" बाई म्हणाल्या, शेजारीपाजारी देतात.

"विहीर दाखवा," म्हातारा म्हणाला.

दोर ओढायला डोळे लागत नाहीत. त्या दिवशी दामूकाकांनी बाईंचा रांजण आणि दोन्ही हंडे भरले. गाडी पुन्हा रात्री घरी जायला लागली आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी कमलाकांत त्यांना पुढच्या सीटवर बसवून उमरोळीला सोडायचा आणि दुपारच्या फेरीला परत घ्यायचा. त्या जागेवर त्यानं पुन्हा पासिंजर बसवला नाही. झुंबरच्या तोंडातून माफीचा शब्द निघणं शक्यच नव्हतं, पण कमलाकांतला उशीर झाला तर तो स्वतः जाऊन काकांना घेऊन यायचा.

आणखी महिन्याभरानं बाईंच्या हाताचं प्लास्टर निघालं. मी त्या दिवशी काकांना आणायला गेलो होतो, म्हणून हे माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. बाई हाताची बोटं उघडझाप करून बघत होत्या. मला वाटलं, आता या म्हाताऱ्याचं काम सुटू नये म्हणून हात अजून दुखतो म्हणतील. मी असतो तर तेच म्हटलं असतं.

बाई म्हणाल्या, "काका, माझा हात बरा झालाय. आता पाणी मी काढू शकते."

काकांच्या हातातला दोर थांबला.

"पण तुम्ही उद्याही या," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कमलाकांत गाडी काढायला अंगणात आला, तेव्हा दामूकाका आधीच पुढच्या सीटवर बसलेले होते.