मंदाच्या खेळात फुलं नव्हती

मंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दिग्रसला लेकीकडे होते. हृदयविकाराचा झटका आला, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं... वणीला परतले, सगळ्यांसारखी रडले. पण नंतर तिच्या शोकसभेत जे पाहिलं त्यानं रडू आलं नाही, शिसारी आली.

मंदा माझी शेजारीण. साड्यांना पिको-फॉल करायची. आमच्या गल्लीच्या तोंडावरून दिवसभर कोळशाचे ट्रक जातात. दोरीवरचं पांढरं पातळ संध्याकाळी राखाडी होऊनच घरात येतं. एका उन्हाळ्यात कोपऱ्यावरच्या संगणक क्लासात मुलांना खेळ बनवायला शिकवणारा वर्ग निघाला. पडद्यावरचे रंगीत ठोकळे एकाला एक जोडायचे, की चित्रं हलू लागतात. साठीला आलेली मंदा पोरांमध्ये जाऊन बसली. सर म्हणाले, "काकू, हे लहान मुलांसाठी आहे." मंदा म्हणाली, "मंग मीबी नवीनच शिकून राह्यली ना." पुढं त्यासाठी तिनं घरी जुना संगणकही आणला.

तिनं खेळ केला तो असा : दोरीवर साड्या, वरून काळे ठिपके पडताहेत, आणि बटणं दाबून एका बाईला पळवत साड्या वाचवायच्या. मी हरले. पोरंही हरली. "मंदे, जिंकाचं कसं वं?" मी विचारलं. ती म्हणाली, "आपल्या गल्लीत कोणी जिंकलं काय आजवर? मंग खेळात कायले जिंकवू?"

वर्गाच्या समारोपाला ट्रकांचे एक मालक पाहुणे म्हणून येणार होते. धुळीऐवजी फुलं टाका, असं सरांनी तिला सुचवलं. ती नाही म्हणाली. कार्यक्रमात पाहतो तर पडद्यावर आभाळातून गुलाब पडताहेत आणि बाई हसत हसत ते परडीत गोळा करते आहे. सरांनी परस्पर बदल केला होता. टाळ्या पडल्या. सत्काराला नाव पुकारलं तेव्हा मंदा जागेवरूनच म्हणाली, "हा खेळ माहा नाही. माह्या खेळात फुलं नाहीत." पाहुणे हसले; त्यांना तो विनय वाटला असावा. घरी येताना ती रस्त्याच्या कडेला थुंकली. "तोंड कडू झालं," एवढंच बोलली.

शोकसभेत त्याच सरांनी तोच गुलाबांचा खेळ तिच्या हार घातलेल्या फोटोशेजारी लावला. "काकूंचा किती आशावादी खेळ," म्हणाले. तेच पाहुणे समोर डोळ्यांना रुमाल लावून बसलेले. इतकं ओंगळ दुःख मी पाहिलं नव्हतं... मी उभी राहिले, हा तिचा खेळ नाही असं सांगितलं. कुणीतरी हळूच म्हणालं, "बसवा त्यांना, धक्का बसला आहे."

दुसऱ्या दिवशी सर मंदाच्या घरी आले. क्लासात ठेवायला काकूंची एखादी वस्तू हवी होती. तिच्या खोलीत संगणक अजून तसाच आहे. शेजारी फॉलच्या कापडाचं एक फडकं. बसण्याआधी ती रोज त्यानं बटणं पुसायची. मूळचं पिवळं असावं, आता नुसतं काळं. तिच्या सुनेला विचारून मी तेच घडी करून सरांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते दोन बोटांत धरून नेलं.

क्लासात ते अजून कुठं दिसत नाही. मी मात्र रोज जाऊन विचारते.