पाइपातली काळी भुकटी

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. सातिवलीच्या एका छोट्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागून जेमतेम वर्ष झालं होतं. नैसर्गिक वायूच्या एका नव्या पाइपलाइनचे फिल्टर सारखे तुंबत होते. त्यातली काळी भुकटी बरणीत भरून आमच्याकडे तपासायला आली. सोबत चिठ्ठी होती: ‘पाइप टाकताना शिरलेली माती असावी.’

मी चमचाभर भुकटी टिपकागदावर काढली आणि वजनाचा काटा पुसायला वळले. परत बघते तर कागदाला भोक पडलेलं, कडा धुमसतायत! मी ओरडलेच. आमचे साहेब निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे. त्यांनी येऊन शांतपणे त्यावर पाणी ओतलं.

“माती कधी पेटते का गं?”

मग ओल्या भुकटीवर आम्लाचे दोन थेंब टाकले. नासक्या अंड्यांचा वास सुटला. साहेबांनी नाकाला रुमाल लावला, मला मात्र एकदम घर आठवलं. आमच्या केळीच्या वाडीत बावखल, म्हणजे शिंपण्याच्या पाण्याचं छोटं तळं होतं. आता ते बुजवलंय. दर मे महिन्यात त्याचं पाणी आटलं की बाबा आणि काका आत उतरून गाळ काढायचे. काळाकुट्ट गाळ, आणि हाच वास. काठावर पसरला की दोन-तीन दिवसांत तो तांबूस व्हायचा.

मी चाचरत म्हटलं, “साहेब, आमच्या बावखलातला गाळ अस्साच असतो.”

ते हसले नाहीत. “तो साचलेल्या पाण्यात होतो. मग पाइपात पाणी कुठून आलं?”

आम्ही कंपनीच्या इंजिनिअरना बोलावलं. “बाई, आमची लाइन कोरडी आहे,” ते ठामपणे म्हणाले. साहेबांनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा कळलं की वायू सोडण्याआधी दाब तपासायला लाइन पाण्याने भरली होती, आणि काम रखडल्यामुळे ते पाणी कित्येक महिने तसंच राहिलं होतं. हवा नसलेल्या पाण्यात वाढणारे जंतू लोखंड खात बसले होते, आणि त्यातूनच लोखंड-गंधकाची ही हवा लागताच पेटणारी काळी भुकटी झाली होती.

पंधरा दिवसांनी इंजिनिअर स्वतः बाटली घेऊन आले. लाइनीच्या सखल भागातून काळं पाणी निघालं होतं.

“तुमचं बरोबर होतं, बाई.”

अहवाल टाइप होऊन आला, तेव्हा साहेबांनी पेन आधी माझ्यापुढे धरलं. “ओळखलंस तू. पहिली सही तुझी.”

मी घाईघाईने सही केली, ती वाकडीच आली. साहेबांनी तिच्याखाली आपली सही केली आणि चहा मागवला.