सात गाणी

"गाणं आदी पायाले समजते वं, मंग कानाले," असं म्हणून ती टेबलाखाली टाचेनं ठेका धरायची. भिलाईच्या कारखान्यात, हजेरी विभागात आमची टेबलं शेजारी होती. तुम्ही तिला पाहिलं असतं, तर सुती साडीतली, पन्नाशीला टेकलेली, रजेचे अर्ज फायलीला लावणारी एक बाई एवढंच दिसलं असतं.

ती फंक आणि सोल गायची. लहानपणी भिलाईतल्याच रुआबांधा वस्तीत शेजारच्या केरळी घरात या अमेरिकी गाण्यांच्या कॅसेटी वाजायच्या. तिथं वेड लागलं ते लागलंच. खालून बास गिटार ढकलत राहतं आणि वर आवाज कधी हसतो, कधी पोटातून हुंदका काढतो. तिनं त्या ढंगाची गाणी आपल्या नागपुरी बोलीत रचली.

एकदा गणपतीत मंडळानं तिला भक्तिगीतासाठी बोलावलं. तिनं आपलंच एक गायलं. पहिल्या रांगेतले निवृत्त फोरमन मान डोलवायला गेले आणि त्यांचे खांदेच हलायला लागले. नंतर अध्यक्ष चाचरत म्हणाले, "छान होतं, पण हे भक्तीत बसते का?"

"बसत नाही भाऊ, नाचते," ती म्हणाली.

मग तिनं अल्बम करायचं ठरवलं. आठ गाणी. बोरसीतल्या एका छोट्या स्टुडिओत आम्ही दर रविवारी जायचो. ती आत गायची, मी काचेच्या अलीकडे बसून ऐकायची. सात झाली. आठवं आईवर होतं, ते तिनं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

पण सातवं झालं आणि तिचा आवाज बसला, तो दीड महिना तसाच. धुळीनं असेल म्हणून आम्ही हळद-दुधावर भागवलं. त्याची चुटपुट मला अजून आहे. रायपूरच्या डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला. स्वरयंत्र काढावं लागणार होतं.

"एक रविवार द्या," ती म्हणाली.

"साँस कभी भी रुक सकती है. परसों भर्ती हो जाइए," डॉक्टर म्हणाले.

त्या दिवशी परतताना आम्ही थेट स्टुडिओत गेलो. पहिली ओळ तिनं तीनदा घेतली. नुसती घरघर. चौथ्यांदा तिनं हेडफोन काढला आणि बाहेर येऊन मला विचारलं, "तू गाशीन?"

"ताई, मले गाता येत नाही."

"माहीत हाये. विचारून पाह्यलं."

ऑपरेशन झालं, मग अल्बम आला. आठवं गाणं शब्दांशिवाय नुसतं वाजतं. दुसऱ्या कुणाचा आवाज तिनं घेऊ दिला नाही. अनोळखी माणसं फोनवर लिहायची, "ताई, पुढचं गाणं कधी?" ती फोन माझ्यापुढे धरायची. मी काहीतरी टाइप करायची, खोडायची. एकदाही उत्तर गेलं नाही.

पुढे तिची बहीण तिला नागपूरला घेऊन गेली. दुर्ग स्टेशनवर मी पोचवायला गेले होते. गाडी सुटता सुटता ती खिडकीच्या गजांजवळ आली आणि मला काही सांगू लागली. ओठ भराभर हलत होते. ऑपरेशननंतर ती ज्या वहीत लिहून बोलायची, ती सामानात होती. मला एक शब्द कळला नाही. गाडी हलली. ती बोलायची थांबली आणि माझ्या उत्तराची वाट बघू लागली.

"हो ताई, हो," मी ओरडून म्हणाले.

तिचा चेहरा एकदम निवला. तिनं मान हलवली.

चार महिन्यांनी बहिणीचा फोन आला, ती गेली म्हणून. त्या दिवशी मी कशाला हो म्हणाले, हे मला विचारायचं राहून गेलं.