भिंतीवरचे भावोजी

मला दोन भावोजी. एक भिंतीवर, एक भिंतीखाली. भिंतीवरचे सैन्यात होते. लग्नाला तीन वर्षं झाली आणि सरहद्दीवर कामी आले. भिंतीखालचे चष्मेवाले. चार वर्षांनी ताईनं त्यांच्याशी लग्न केलं. मी सांगतोय ते चष्मेवाल्यांबद्दल, कारण पहिल्यांबद्दल सगळेच बोलतात आणि नेमकं तेच यांच्या पोटात दुखतं.

माणूस तसा साधा. दुकानामागच्या खोलीत दिवसभर काचा घासायच्या, तिळाएवढा स्क्रू चिमट्यानं बसवायचा, गिऱ्हाइकाला चष्मा चढवून विचारायचं, "कानामागं टोचत नाही ना?" आवाज कधी चढला नाही. पण भिंतीवरच्या फोटोची काच रोज सकाळी तेच पुसतात, खिशातल्या चष्म्याच्या फडक्यानं. पाहुण्यांना वाटतं, काय मोठं मन! मन कसलं? ताईनं पुसायला घेतली तर ती तिथं दोन मिनिटं उभी राहील, तेवढंही यांना सोसत नाही. त्यांनीच सांगितलंय मला.

एकदा "मेल्या म्हशीला मणभर दूध" असं पुटपुटले. ताई तीन दिवस बोलली नाही. पण मला विचाराल तर त्यांचंही फार चुकत नव्हतं. भिंतीवरचा माणूस घोरत नाही, ओला टॉवेल पलंगावर टाकत नाही, त्याला टक्कल पडत नाही. त्याच्याशी बरोबरी करायची कशी?

बरोबरीची एकच जागा होती, व्यायामशाळा. पहिल्या भावोजींनी आपल्या तुकडीतल्या पाच गेलेल्या सोबत्यांसाठी तिथं वर्षातून एकदा एक जीवघेणा व्यायाम सुरू केला होता. पाठीवर दहा किलो वाळूची पिशवी. दीड किलोमीटर पळायचं, शंभर वेळा दांडीला लटकून हनुवटी वर न्यायची, दोनशे जोर, तीनशे बैठका, आणि पुन्हा दीड किलोमीटर. प्रत्येकाच्या घरचं एक माणूस पाटी घेऊन मोजायला बसतं, दर दहाला एक रेघ. पहिल्यांच्या रेघा ताई ओढायची. आता गेलेल्यांच्या यादीत सहावे तेच आहेत, आणि त्यांची वेळ फळ्यावर रंगानं लिहिली आहे: बावन्न मिनिटं. ताई दरवर्षी जाते, मागच्या बाकावर बसते. पाटी मात्र तिनं परत कुणासाठी हातात घेतली नाही.

यंदा चष्मेवाले मला म्हणाले, "मेव्हणे, मी उतरतोय. बावन्नच्या आत. रेघा तुम्ही ओढा, आणि तुमच्या ताईला सांगू नका."

"भावोजी, तुम्हाला जिना चढताना धाप लागते."

"त्यांचं नाव नाही पुसायचं मला. फक्त वेळ."

सहा महिने दुकान उघडण्याआधी चोरून सराव केला. झाकली मूठ सव्वा लाखाची!

त्या दिवशी ताईनं त्यांना अर्ध्या चड्डीत, पाठीवर वाळू घेऊन रांगेत पाहिलं. मागच्या बाकावर जाऊन बसली. पळणं जमलं. दांडीवर नवव्यालाच हात सुटले. नवख्यांसाठी ठेवतात ते स्टूल वस्तादांनी त्यांच्या पायाखाली सरकवलं.

"त्यांना होतं का स्टूल?" भावोजींनी फळ्याकडं बघत विचारलं.

"त्यांना गरज नव्हती," वस्ताद म्हणाले. वस्ताद माणूस चांगला, पण कुणाच्या जखमेवर मीठ पडतंय हे त्यांना कळत नाही.

बावन्न मिनिटं झाली तेव्हा यांचा चौसष्टावा जोर चालला होता. घड्याळ पाहिलं आणि छातीवर कोसळले. चष्मा मातीत.

"त्यांचं झालं असतं एव्हाना," म्हणाले, आणि चक्क रडायला लागले. मी पाटी खाली ठेवली. खरं सांगतो, मला लाज वाटली त्यांची, आणि कीवही आली.

ताई आली. चष्मा उचलला, आपल्या रुमालानं पुसला आणि त्यांच्या नाकावर चढवला. "कानामागं टोचत नाही ना?" मग पाटी उचलून माझ्या जागी बसली. "पासष्ट."

"कशाला आलीस? मी हरलो."

"हरलात. पुढं चला. सहासष्ट."

जोर संपले. बैठकांच्या मध्येच त्यांनी धापा टाकत विचारलं, "त्यांच्यासाठीही अशीच मोजायचीस?"

ताईचा खडू थांबला. "त्यांच्या वेळी मान वर करायला फुरसत नसायची. भरभर करायचे, मी नुसत्या रेघा ओढायचे. शेवटच्या वर्षी तर मी त्यांच्याकडं नीट पाहिलंसुद्धा नाही." थोड्या वेळानं म्हणाली, "तुम्ही सावकाश करता ते बरंय. एकशे बारा."

दोन तास आठ मिनिटं लागली. फळ्यावर लिहिण्यासारखी वेळ नव्हती ती, आणि भावोजींनीही विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मलम घेऊन गेलो. भावोजींचे हात खांद्यापर्यंतसुद्धा जात नव्हते; चहाचा कप ताई त्यांच्या तोंडाला लावत होती. फोटोची काच तशीच राहिली होती. त्यांनी खिशातून फडकं काढलं, हात उचलून पाहिला, कळवळले. मग फडकं ताईपुढं धरलं.

"आज तू पूस."

ताई उठली. घाईघाईनं दोनदा फडकं फिरवलं आणि परत फिरू लागली.

"सावकाश पूस गं," भावोजी म्हणाले, आणि तोंड खिडकीकडं वळवून बसले. पोटात दुखत होतंच, चेहऱ्यावर दिसत होतं. पण ताई फोटोसमोरून हलेपर्यंत त्यांनी मान वळवली नाही.