माय भिंतीकडे तोंड करून बसायची
कापसावरच्या स्पिरिटचा वास आला की मला नागपुरातल्या आमच्या वस्तीतला तो जुना दवाखाना आठवतो. मी लहान असताना एका दुपारी माय सुपात तांदूळ निवडत होती आणि एकदम थांबली. तिनं छाती धरली, पोलकं घामानं भिजलं. 'मी मरून राहिली,' एवढंच म्हणाली. शेजारची म्हातारी लिंबू-कुंकू घेऊन धावत आली. 'अंगात येऊन राहिलं तिच्या. देवीले विचारा, का पाहिजे ते,' ती म्हणाली. बाबांनी तिला दारातच थांबवलं. 'बुद्धाची दीक्षा घेतल्याले बारा वर्सं झाली, मावशी. आमच्या घरी आता देवी येत नाही.' मग त्यांनी मायला आणि मला सायकलरिक्षात बसवलं. डॉक्टरांनी नाडी पाहिली, छातीला नळी लावली, कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, 'बाईंना काहीही झालेलं नाही.'  परतताना रिक्षात मायनं बाबांना विचारलं, 'देवी नाही, बिमारीबी नाही. मंग मले होते तरी का जी?' बाबांनी रिक्षावाल्याला घराकडचं वळण दाखवलं. त्यानंतर धडधड सुरू झाली की माय कोणाला सांगायची नाही, भिंतीकडे तोंड करून बसायची. मागच्या आठवड्यात माझी छाती तशीच धडधडली. डॉक्टरांनी हा हृदयाचा नाही, मनातल्या भीतीचा आजार आहे असं सांगून चिठ्ठीवर त्याचं नाव लिहून दिलं. घरी आल्यावर मी ते दोनदा वाचलं, चिठ्ठी घडी करून ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले.