नाना फाटकाबाहेर

नाना धुरी आपल्याच घराच्या फाटकाबाहेर घडीच्या लोखंडी खुर्चीवर जवळजवळ दोन वर्षं बसले आणि त्याला जबाबदार मी आहे. हे आधीच कबूल केलेलं बरं, कारण कांदिवलीत अजून चार माणसं अशी आहेत की भेटली की हेच ऐकवतात.

गोष्ट १९८३ ची. नाना म्हणजे राजाराम धुरी, मूळचे मालवणकडचे, गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, म्हणून आयुष्य काढून निवृत्त झालेले. स्वस्ताईच्या काळात त्यांनी कांदिवलीला चार गुंठे जागा घेतली होती. तिच्यावर कौलारू घर, पुढे एक फणस आणि पडवीत झोपाळा. झोपाळ्याची फळी त्यांनी गावाहून एस्टीच्या टपावर टाकून आणली होती. आयुष्यभर यंत्रांपुढे उभा राहिलेला माणूस, आता मरेपर्यंत बसायचं आणि तिथेच बसायचं हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. त्या झोपाळ्यावर दुसरं कुणी टेकलेलं त्यांना खपत नसे.

मी समोरच्या चाळीत राहायचे आणि फोर्टात एका सॉलिसिटरच्या ऑफिसात टायपिस्ट होते. एक दिवस कुणी बिल्डर नानांना सांगून गेला की तुमच्या जागेचे आता तीन लाख येतील. नाना खुशीत मला सांगायला आले. मला कुठून दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, मी म्हटलं, "मग नाना, तुमच्यामागे इस्टेट ड्युटी लागणार."

"ती काय?"

"माणूस मेला की त्याच्या इस्टेटीवर सरकार कर घेतं."

"मेलेल्याकडसून?" नाना ओरडले. "मेलेलो खंयसून देतलो?"

त्या दिवसापासून त्यांनी माझा पिच्छा पुरवला. शेवटी मी उपाय सांगितला. घर एका ट्रस्टला देऊन टाकायचं, पुन्हा कधीही परत न घेण्याच्या बोलीवर. पुढे ते मुलुंडच्या मुलीच्या, कमलच्या पोरांना मिळेल. मात्र अटी दोन. दिल्यानंतर देणाऱ्याने दोन वर्षं जगायचं, आधी गेला तर कर लागणारच. आणि दिलेल्या वस्तूचा स्वतः काडीचाही उपभोग घ्यायचा नाही.

वकिलाची फी द्यायची म्हटल्यावर नानांच्या जिवावर आलं. म्हणून मी ऑफिसच्या कपाटातून मलबार हिलच्या एका शेटजींच्या ट्रस्टचा मसुदा काढला आणि नावं बदलून टाइप केला. शेटजींना बंगले सहा. त्यातल्या एकात पाऊल टाकायचं नाही म्हटलं तर त्यांचं काय बिघडणार होतं? नानांना घर एकच, हे बारा पानं बडवताना माझ्या टाळक्यात शिरलं नाही. तीन कार्बन लावून, लंच टाइममध्ये, फुकट. मला कुणी चहासुद्धा पाजला नाही, हे जाता जाता सांगून ठेवते.

विश्वस्त म्हणून नानांनी बायकोचं, सुंदराबाईंचं नाव घातलं. आम्ही त्यांना काकी म्हणायचो. "ती काय," नाना मला म्हणाले, "सही करतली नि चुलीकडे जातली."

पस्तीस-चाळीस वर्षं संसार करून माणसाला बायको कळू नये ती इतकी! महिला भजनी मंडळाची पेटी नऊ वर्षं काकींच्या ताब्यात होती आणि पेटी वाजवणाऱ्या बाईलासुद्धा ती विचारल्याशिवाय उघडता येत नसे.

पाच एप्रिलला कागद रजिस्टर झाला. संध्याकाळी नाना झोपाळ्यावर येऊन बसले. काकींनी मला हाक मारली.

"शुभा, नववा कलम मराठीत सांग."

मी सांगितलं, "दात्याने सदर मिळकतीचा कोणत्याही प्रकारे उपभोग घेऊ नये."

"झोपाळो उपभोगात येता?"

मी ऑफिसच्या तोऱ्यात होते. म्हटलं, "येतो."

"उठा," काकी नानांना म्हणाल्या.

नाना हसले. काकी हसल्या नाहीत. थोड्या वेळाने नाना उठले.

मागची लाकडं ठेवायची खोली काकींनी त्यांना रीतसर भाड्याने दिली. तो करारही मीच टाइप केला, तोही फुकट. जेवण तिथे पोचायचं. दिवसभर नाना फाटकाबाहेर खुर्ची टाकून बसायचे, कारण रस्ता म्युनिसिपालटीचा होता आणि तो त्यांनी कुणाला दान केलेला नव्हता. तिथून त्यांना आपला झोपाळा दिसायचा. त्यावर दुपारभर मांजर पसरलेलं असायचं.

"ह्या मांजार उपभोग घेता, ता चलता?" नाना फाटकातून ओरडायचे.

"मांजरान खंय दान केल्यान?" आतून उत्तर यायचं.

एकदा पिकलेला फणस थेट फाटकाबाहेर, खुर्चीशेजारी पडला. नानांनी त्याला मिठीच मारली. रस्त्याच्या हद्दीत पडलेला फणस कुणाच्या बापाचा नाही, असं त्यांचं म्हणणं. काकी आल्या, फणस सोडवून घेतला आणि गोणपाटात बांधून मुलुंडला पोरांकडे पाठवला. नानांच्या वाट्याला बोटांना लागलेला चीक आला.

दोन वर्षं जगायच्या अटीबाबत तर काकी अधिकच कडक. नानांनी शिडीवर चढायचं नाही. तळलेला बांगडा बंद. हमरस्ता एकट्याने ओलांडायचा नाही, काकी सोबत जाणार. नाना नुसते शिंकले तरी काकी फाटकात हजर. "बायको नाय, जेलर आसा," नाना येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. गल्लीला वाटायचं, काकी कर वाचवायला नवरा राखतायत. मलाही त्यांचा राग येऊ लागला होता. बाईला एवढासा अधिकार मिळाला तर बघा कशी डोक्यावर बसली, असं मी चारचौघांत बोललेसुद्धा. आता ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

मार्च १९८५. रविवारी सकाळी नाना पेपर नाचवत चाळीत शिरले. "शुभा! रद्द! इस्टेट ड्युटी रद्द!"

आदल्या दिवशीच्या बजेटमध्ये सरकारने तो करच काढून टाकला होता. नानांची दोन वर्षं पुरी व्हायला एकोणीस दिवस उरले होते. त्यांनी खुर्ची घडी करून काखेत मारली आणि फाटक उघडलं, मी त्यांच्या मागोमाग. काकी पडवीत उभ्या होत्या.

"कायदो गेलो," त्या म्हणाल्या. "कागद गेलो काय?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मला खोटं बोलता आलं असतं तर किती बरं झालं असतं. "नाही," मी म्हटलं. "परत न घेण्याच्या बोलीवर दिलंय. कायदा गेला तरी ट्रस्ट राहतो. नववं कलमही राहतं."

नाना तिथेच पायरीवर बसले. "म्हणजे मी मरेपर्यंत रस्त्यार?" ते म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. घरी धावत जाऊन मी कार्बन कॉपी आणली आणि ती बारा पानं पहिल्यांदाच नीट वाचली. आधी नुसती बडवली होती. चौदाव्या कलमात सापडलं: विश्वस्ताकडे येणाऱ्या पाहुण्यांना मिळकतीत बसण्या-उठण्याची मुभा राहील. शेटजींनी बहुधा पत्त्यांच्या पार्ट्यांसाठी घातलं असावं.

काकींनी ते दोनदा वाचायला लावलं. मग पदर सारखा केला आणि परक्या माणसाला म्हणावं तसं नानांना म्हणाल्या, "येवा, बसा."

मांजर उठवलं गेलं. नाना झोपाळ्यावर बसले. काकींनी शोकेसमधल्या फुलांच्या कपात चहा आणला, बशीत दोन बिस्किटं.

"इतकी वर्सां संसार केलो," नाना कुरकुरले, "ह्यो कप आज गावलो!" एवढं म्हणून त्यांनी मान वर केली. झोपाळ्यासमोरच्या भिंतीवर कॅलेंडर होतं, फाटकाबाहेरून न दिसणारं. त्यावर रोजच्या तारखेला कोळशाची फुली. त्याच खिळ्याला मागे गेल्या वर्षीचं कॅलेंडर, त्याच्या मागे त्याआधीचं, सगळी फुल्यांनी भरलेली.

"ह्या काय?"

"दिवस," काकी म्हणाल्या. "तुमी जगलात ते."

पाच एप्रिल आला आणि गेला. सहा तारखेला मी तिकडे गेले तर काकी हातात कोळसा घेऊन भिंतीशी उभ्या. नाना रोजच्या पाहुण्यासारखे झोपाळ्यावर.

"गो, दोन वर्सां झाली," नाना म्हणाले. "कायदोय गेलो. आता फुल्यो कित्याक?"

"सरकारासाठी कोण करी होता?" काकींनी फुली मारली आणि कोळशाचा हात पदराला पुसला.

नाना झोपाळ्यावर थोडे सरकले आणि शेजारची फळी हाताने झटकली. काकी जागच्या हलल्या नाहीत. आधी माझ्याकडे वळल्या.

"शुभा, विश्वस्तान बसलेला चलता?"

बारा पानांत त्यावर एक अक्षर नव्हतं. मी म्हटलं, "चालतं, काकी. बसा."