बाहीवरचा पट्टा

भावंडांत शेंडेफळ म्हणून ती मुंगी. प्रबंध लिहायचं वय झालं तरी हे नाव काही सुटलं नाही. तिची आई औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. लेकीचं संशोधन तिला एकदाच नीट कळलं, तेही काउंटरमागे, खोकल्याचं औषध बाटलीत ओतताना.

"आई, नरसाळ्यात बघ. मधलं औषध भराभर जातं, कडेचं चिकटून रेंगाळतं. तारेतले इलेक्ट्रॉन एरवी असे वाहत नाहीत, धातूतल्या दोषांना धडकत धडपडत जातात. पण कार्बनचा एका अणूइतका पातळ पापुद्रा अगदी स्वच्छ मिळाला, तर ते एकमेकांनाच इतके धडकतात की सगळे मिळून या औषधासारखे वाहतात. दाट."

"तुझ्या प्रबंधासारखे," गल्ल्यावर बसलेले बाबा म्हणाले. "सरकतोय म्हणतेस, दिसत मात्र नाही."

तसा स्वच्छ पापुद्रा अखेर मिळाला, एकच. त्याला हात लावण्याआधी मनगटाला एक पट्टा बांधायचा. त्याची तार जमिनीला जोडलेली, म्हणजे अंगावरची वीज तिकडून निघून जाते. ती पापुद्र्यात उतरली की संपलं. आईच्या डोक्यात यातलं फारसं राहिलं नाही. प्रयोगशाळा गार असते, एवढं मात्र पक्कं राहिलं. लहानपणापासून मुंगीची मनगटं बर्फासारखी. आईने लोकरीचा स्वेटर विणला, बाह्या चांगल्या बोटांपर्यंत.

"अगं, तिथं लोकर चालत नाही. फार वीज धरते."

"न चालायला काय झालं? पट्टा आहे ना तुझा?"

मुंगी हसली आणि स्वेटर घेऊन गेली.

भर दुपारी दुकानात फोन आला.

"आई, पापुद्रा गेला."

"गेला म्हणजे? हरवला?"

"जळला. माझ्याच अंगावरची ठिणगी. मला जाणवलीसुद्धा नाही."

"पट्टा विसरलीस?"

"बांधला होता. पण बाहीवरून बांधला गेला. कातडीला टेकलाच नाही."

कुठली बाही, हे आईने विचारलं नाही.

"दुसरा करता येईल ना?"

"येईल गं. पण शिष्यवृत्ती संपायच्या आत नाही."

"मी येऊ का तिकडे?"

"येऊन काय करशील, आई?"

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर आईला उत्तर सुचलं असतं. समोरचं गिऱ्हाईक चिठ्ठी पुढे धरून उभं होतं. तिने त्याला हातानेच थांबायला सांगितलं आणि "जेवलीस का?" असं विचारून बसली. विचारल्यावर स्वतःचाच राग आला.

"जेवेन. आई, स्वेटर छान झालाय हं. आत्ताही अंगात आहे. इथं फार गारठा आहे."

काढून टाक म्हणावं, की राहू दे म्हणावं? आईने फोन कानाला तसाच ठेवून गिऱ्हाईकाची चिठ्ठी हातात घेतली.